बोअरमधलं पाणी विहिरीपेक्षा वर का उभं राहतं? कोणती पातळी खरी धरायची?

काठावरचा

नमस्कार. जाणकारांनी थोडा वेळ काढून वाचावं ही विनंती, कारण मी महिनाभर याच गोष्टीत अडकलो आहे.

माझी एक जुनी बांधीव विहीर आहे, कठड्यापासून १३ मीटर खोल. तिच्यापासून साधारण चाळीस पावलांवर मागच्या वर्षी बोअर घेतला, ३१ मीटरचा. बोअर घेताना मी दिवसभर मशीनपाशी उभा राहून वहीत लिहीत होतो. १५ मीटरपर्यंत माती आणि बारीक वाळू, त्यातही पाणी होतंच. १५ ते २७ मीटर पिवळी चिकणमाती, हातात घेतली तर बोटाचे ठसे तसेच राहतील अशी. २७ मीटरला माती संपली, वाळू आणि गोटे निघायला लागले आणि पाणी लागलं. वरचं पाणी आत येऊ नये म्हणून केसिंग (बोअरमध्ये बसवलेला पाइप) चिकणमातीत चार मीटर आत नेलं आहे.

आता माझ्या समजुतीप्रमाणे पाणी २७ मीटरला लागलं तर ते २७ मीटरवरच असायला हवं. संध्याकाळी दोरीला दगड बांधून सोडला तर सहा मीटरवरच दोरी ओली! तेव्हापासून रोज मोजतो. सध्या बोअरमध्ये ६.२० आणि विहिरीत ७.५० मीटर आहे.

आणखी दोन गोष्टी खटकतात. गेल्या दोन दिवसांत पाऊस नाही, मोटर चालवली नाही, तरी बोअरचं पाणी ६.२६ वरून ६.२० वर चढलं. विहीर जागची हलली नाही. आणि साधारण तीनशे मीटरवर दुसरा एक तेवढ्याच खोलीचा बोअर आहे. त्याची मोटर लागली की पाव तासात माझ्या बोअरचं पाणी उतरायला लागतं, विहिरीला मात्र पत्ताही नसतो.

जमीन एक, पाऊस एक, मग दोन पातळ्या कशा? यातली खरी कोणती?

मोजपट्टी

तुमची वही पाहून फार बरं वाटलं. कुठे काय लागलं हे लिहून ठेवणारा माणूस क्वचित भेटतो. मी बावीस वर्षं निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मोजत आले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही पातळ्या खऱ्या आहेत. विहीर तुम्हाला सांगते की पाणी कुठपर्यंत आहे. बोअर सांगतो की खालच्या पाण्यावर दाब किती आहे.

पाणी साठवणाऱ्या आणि सोडणाऱ्या थराला जलधर म्हणतात. वरच्या १५ मीटरमधली वाळू हा मुक्त जलधर. त्याच्या डोक्यावर झाकण नाही, मातीच्या पोकळ्यांतून हवा थेट पाण्याच्या पृष्ठभागाला टेकते. तिथे विहीर खणली की विहिरीतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या उंचीलाच येऊन थांबतं. २७ मीटरखालचे गोटे हा बंदिस्त जलधर. त्याच्यावर १२ मीटर चिकणमातीचं झाकण आहे. तो थर कुठेतरी लांब, उंचावर उघडा पडत असणार, पावसाचं पाणी तिथून आत शिरतं आणि झाकणाखालून उताराकडे येतं. त्या उंचावरच्या पाण्याचा भार इथल्या पाण्यावर आहे. वाटेत घर्षणात थोडा भार खर्च होतो, उरतो तो इथे झाकणाला खालून रेटत असतो. तुम्ही झाकणाला भोक पाडलंत आणि पाण्याला वर चढायला नळी दिलीत. स्वतःच्या वजनाने तो दाब तोलला जाईपर्यंत पाणी चढलं आणि ६.२० ला थांबलं. म्हणजे २७ मीटरवर जवळपास २१ मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब आहे. साधारण १० मीटर पाणी म्हणजे एका वातावरणाइतका दाब, यावरून अंदाज करा.

दाब याहून जास्त असता आणि जमीन सखल असती तर पाणी आपोआप बाहेर वाहिलं असतं. त्याला आर्टेशियन विहीर म्हणतात, फ्रान्समधल्या आर्त्वा प्रांतावरून पडलेलं नाव. पॅरिसमध्ये ग्रनेल इथे १८३३ मध्ये असा बोअर सुरू केला, आणि १८४१ च्या फेब्रुवारीत ५४८ मीटरवर पाणी लागलं तेव्हा ते जमिनीच्याही वर उसळलं. सात वर्षांहून जास्त काळ लोक त्या दाबाच्या भरवशावर खोदत राहिले, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आता तुमचे सहा सेंटिमीटर. त्या दोन दिवसांत आभाळ भरून आलं होतं का? हवेचा दाब उतरला असणार. विहिरीच्या बाबतीत हवा विहिरीतल्या पाण्यावरही दाबते आणि मातीतून झिरपत बाहेरच्या पाण्यावरही तेवढीच दाबते, म्हणून पातळी हलत नाही. बोअरमध्ये तसं नाही. नळीतल्या पाण्यावर हवा पूर्ण भाराने दाबते, पण खालच्या थरावर येणाऱ्या हवेच्या भारातला काही भाग वाळूचे कण आणि गोटेच उचलून धरतात, पाण्यापर्यंत सगळा पोचत नाही. म्हणून हवा हलकी झाली की नळीतलं पाणी चढतं, हवा जड झाली की उतरतं. हवेचा दाब हेक्टोपास्कल या एककात मोजतात. तो १ हेक्टोपास्कलने बदलला तर त्याचं पाण्यातलं माप साधारण १ सेंटिमीटर, आणि बंदिस्त जलधरात त्यातला एखादा हिस्सा, कधी पाव, कधी अर्धा, कधी पाऊण, पातळीत दिसतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पहिल्याच वर्षी एका खोल निरीक्षण विहिरीत मला ११ सेंटिमीटर वाढ मिळाली आणि मी नोंदीपुढे ‘पुनर्भरण’, म्हणजे थरात नवं पाणी मुरलं, असं लिहिलं. पाऊस त्यानंतर आला, दुसऱ्या दिवशी. चार दिवसांनी गेले तर पाणी जुन्या जागी. हवामानाच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा कळलं की मी गेले होते त्या दुपारी हवेचा दाब १८ हेक्टोपास्कलने खाली होता. माझा तो एक शब्द पुढे अहवालात गेला, आणि त्या भरवशावर उपसा वाढवण्याची चर्चाही झाली. वेळेत दुरुस्ती करून पाठवली, पण तो शब्द आजही मनाला लागून आहे. तेव्हापासून प्रत्येक पातळीशेजारी मी हवेचा दाब लिहिते. तुम्हीही लिहा, बऱ्याच फोनमध्ये तो मोजणारा सेन्सर असतो. आभाळ मोकळं झालं की तुमचं पाणी परत खाली जाईल, बघा.

तिसऱ्या प्रश्नाला, तीनशे मीटरवरच्या मोटरच्या, तर माझ्या दृष्टीने सगळ्यात जास्त वजन आहे. एक हेक्टर जमीन धरा. मुक्त जलधरात पातळी १ मीटर उतरली तर तेवढ्या वाळूच्या पोकळ्या खरोखर रिकाम्या होतात. निचरा होण्याजोग्या पोकळ्या १५ टक्के धरल्या तर १,५०० घनमीटर पाणी बाहेर आलं. बंदिस्त जलधरात पातळी १ मीटर उतरली तरी तो थर भरलेलाच असतो, फक्त दाब कमी होतो. दाब उतरल्यावर पाणी किंचित फुगतं, कणांचा सांगाडा किंचित आवळतो आणि तेवढंच पाणी सुटतं. हेक्टरी ३ घनमीटर वगैरे. पंधराशे कुठे आणि तीन कुठे! इतक्या थोड्या पाण्यासाठी दाब मोठ्या क्षेत्रावर उतरावा लागतो, म्हणून तीनशे मीटरवरची मोटर तुमच्या बोअरला पाव तासात कळते. दाबाची ही लहर पसरते, पाणी स्वतः तेवढ्या वेळात हातभरही सरकलेलं नसतं.

म्हणून कळकळीने सांगते, बोअरचं पाणी दोन मीटर चढलेलं दिसलं तर ‘भरपूर पाणी आलं’ असं धरून मोटर जास्त चालवू नका.

एक विचारायचं राहिलं. ६.२० आणि ७.५० हे कशापासून मोजलं? कठडा आणि केसिंगचं तोंड एका उंचीला आहेत का? तसं नसेल तर दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. गवंड्यांकडे पारदर्शक नळी असते ना, पाणी भरून लेव्हल काढायची, तिने दोन्हींमधला फरक काढा. आणि दोरी-दगड सोडा. स्टीलच्या टेपचं खालचं टोक मीटरभर खडूने घासा, टेप पाण्यात जाईल इतकी सोडा, केसिंगच्या तोंडाशी पूर्ण मीटरची खूण नेमकी धरा आणि वर ओढा. खडू जिथपर्यंत भिजला तिथे रंग गडद होतो, रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ येते. वरच्या खुणेतून ती रेघ वजा करा. काही मिलिमीटरपर्यंत नेमकं माप मिळतं.

गेरू

मी भूकंपाच्या नोंदींवर काम करतो, म्हणून छोटीशी भर. बंदिस्त जलधरातला बोअर खरोखर दाबमापकासारखा वागतो. २७ मार्च १९६४ ला अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा हजारो किलोमीटर दूर अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या एका विहिरीत पाणी सुमारे ७ मीटर वरखाली झालं. जेकब या शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या एका विहिरीतली नोंद छापली, त्यात जवळून आगगाडी गेली की पाणी चढतं आणि गाडी पुढे गेली की उतरतं. गाडीच्या वजनाने थर दाबला जातो, बाकी काही नाही. चंद्रसूर्याच्या ओढीने जमीन दिवसातून दोनदा किंचित ताणली जाते, तेही अशा बोअरमध्ये सेंटिमीटरच्या हिशेबात दिसतं. तासातासाला मोजलंत तर तुम्हालाही दिसेल.

काठावरचा

तुम्हा दोघांचेही मनापासून आभार. मोजपट्टीताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. नळीने लेव्हल काढली, केसिंगचं तोंड कठड्यापेक्षा १.३० मीटर उंच निघालं. म्हणजे बोअरचं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा ७.५० अधिक १.३० वजा ६.२०, चक्क २.६० मीटर वर आहे. मला आजवर सव्वा मीटरच वाटत होतं. फोनवर हवेचा दाबही सापडला, त्या दोन दिवसांत ११ हेक्टोपास्कल उतरला होता.

आता खरं सांगायचं तर हे सगळं विचारण्यामागे एक बेत होता. विहीर उन्हाळ्यात आटते. खालचं पाणी इतकं जोरात आहे म्हणता, तर विहीरच १३ वरून २० मीटरपर्यंत खोल करावी असं चाललं आहे. माती चिकण आहे, ढासळणार नाही. खोदणारे पुढच्या आठवड्यात यायचे आहेत. हे बरोबर आहे ना?

मोजपट्टी

नाही. कृपा करून आधी खोदणाऱ्यांना थांबवा, मग पुढचं वाचा.

हिशेब मांडते, तुमच्याच आकड्यांवर. सगळं कठड्यापासून धरू. चिकणमातीचा तळ केसिंगच्या तोंडापासून २७, म्हणजे कठड्यापासून २५.७ मीटर. बोअरचं पाणी कठड्यापासून ४.९ मीटरवर. वजाबाकी केली की चिकणमातीच्या तळाला खालून २०.८ मीटर पाण्याचा रेटा आहे.

तुम्ही विहीर २० मीटरपर्यंत नेली तर खाली चिकणमाती उरेल ५.७ मीटर. ओली चिकणमाती पाण्याच्या साधारण १.९ पट जड धरा. तिचं वजन झालं १०.८ मीटर पाण्याइतकं. खालून २०.८, वरून १०.८. खोदताना विहीर उपसून कोरडी ठेवलेली असणार, म्हणजे पाण्याचंही वजन वर नाही. तळ उचलला जाईल. आधी तो फुगीर दिसतो, मग भेगा पडतात, भेगेतून वाळू उकळल्यासारखी वर यायला लागते, आणि मग थांबवायला वेळ मिळत नाही. माणसं तेव्हा तळाशी असतात.

किती खोल गेलेलं चालेल? २०.८ ला तोलायला सुमारे १०.९ मीटर चिकणमाती हवी. २५.७ मधून ती वजा करा, उरले १४.८. तुम्ही १३ वर आहात. म्हणजे पावणेदोन मीटर, आणि तेही सुरक्षिततेला काहीच जागा न ठेवता. पावसाळ्यानंतर खालचा दाब वाढला, किंवा माती १.९ ऐवजी १.८ निघाली, की तेवढंही राहत नाही. काही जण सांगतील की अरुंद विहिरीत बाजूची माती तळाला धरून ठेवते. थोडं धरते, पण त्या भरवशावर मी कोणाला खाली उतरू देणार नाही.

चिकणमाती ढासळत नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे, बाजू उभ्या राहतील. धोका तळाचा आहे. आणि तळ शेवटच्या घमेल्यापर्यंत कोरडा, टणक दिसतो, म्हणून तर तो फसवतो. खणताना पाणी दिसत नाही म्हणून माणूस आणखी खाली जातो.

तुमच्या आटण्यावर दुसरा उपाय आहे. आटतो तो वरचा, मुक्त जलधर. खालचं पाणी हवं तर ते बोअरमधूनच घ्या, बेताने घ्या, आणि दर आठवड्याला पातळी लिहा. बेताने का, तेही सांगते. झाकणाचं वजन खाली दोघं मिळून उचलतात, पाण्याचा दाब आणि कणांचा सांगाडा. पाण्याचा दाब उपसून कमी केला की तेवढा भार कणांवर जातो. वाळू-गोटे तो सहन करतात आणि दाब परतला की सावरतात. चिकणमाती मात्र एकदा जास्त आवळली की पुन्हा फारशी फुगत नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन वॉकीन खोऱ्यात १९७७ मध्ये काढलेला एक फोटो आहे. पोलंड हे भूशास्त्रज्ञ एका खांबाजवळ उभे आहेत आणि खांबावर त्यांच्या डोक्यावर खूप उंच ‘१९२५’ अशी पाटी लावली आहे. १९२५ मध्ये जमीन तिथे होती. बावन्न वर्षांत सुमारे ९ मीटर खचली, मुख्यतः अशाच उपशामुळे. ती परत वर आलेली नाही.

खोलवर

मी बोअर मशीनवर अठरा वर्षं काढली. ताई म्हणतात त्यातलं एकूण एक अक्षर खरं आहे. तळ उचललेली विहीर मी एकदा पाहिली आहे, दुसऱ्या गड्यांचं काम होतं. सकाळी तळ कोरडा, दुपारी मधोमध पाट ठेवल्यासारखा उंचवटा आला. वरचा माणूस शहाणा होता, त्याने खालच्या दोघांना शिडीने लगेच वर बोलावलं. ते कठड्याला हात लावेपर्यंत तळ फुटला. तासाभरात पाच मीटर पाणी आणि त्यात वाळूच वाळू. जीव वाचले, विहीर मात्र निम्मी भरली.

काठावरचा, मला एक सांगा. केसिंग चिकणमातीत चार मीटर नेलं म्हणता, पण केसिंगच्या बाहेरची फट भरली का? भोक मोठं असतं, पाइप बारीक असतो, मध्ये दोन बोटांची जागा राहते. ती सिमेंटच्या पातळ खळीने किंवा बेंटोनाइटने (पाण्यात फुगणारी एक चिकणमाती) बंद केली नसेल तर खालचं पाणी पाइपच्या बाहेरून वर चढतं आणि वरच्या वाळूत जिरतं. तुमचा दाब वरपेक्षा अडीच मीटर जास्त आहे, त्यामुळे ही गळती रात्रंदिवस चालेल. उद्या उपसून खालचा दाब वरच्यापेक्षा कमी झाला तर उलटं होईल, वरचं घाण पाणी त्याच फटीतून खाली जाईल. आमच्या धंद्यात ही फट भरण्याचा कंटाळा फार लोक करतात. मी करू दिला नाही, पण त्यापायी भांडणं झाली.

आणखी एक. बंद तोंडाच्या जुन्या बोअरचं किंवा विहिरीचं झाकण उघडून लगेच आत वाकू नका, उतरणं तर दूरच. हवेचा दाब उतरला की जमिनीतली हवा अशा भोकातून बाहेर येते, आणि तिच्यात प्राणवायू कमी असू शकतो.

काठावरचा

खोदणाऱ्यांना त्याच रात्री फोन करून नको म्हटलं. मुकादमाला आकडे वाचून दाखवले. तो गप्प झाला आणि म्हणाला, आजवर कोणी असा हिशेब सांगितला नव्हता, आम्ही तर तळ टणक लागला की खूश होतो. त्यात त्याचा मुलगाही कामाला असतो हे मला तेव्हा कळलं.

खोलवर, फट भरली होती, सिमेंटने, वरपासून केसिंगच्या टोकापर्यंत. वहीत आहे, किती पोती ओतली तेही.

मोजपट्टीताई, तुमच्या हिशेबाने ११ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर पाणी, आणि माझं चढलं ६. म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त, बरोबर ना? काल संध्याकाळपासून आभाळ मोकळं आहे. फोनवर दाब ९ ने चढलेला दिसला, म्हणजे पाणी पाच सेंटिमीटर उतरायला हवं असा आकडा मी आधीच वहीत लिहून ठेवला. मग पहाटे टेप खडूने घासून सोडली. रेघ तुम्ही म्हणालात तशीच आली, एकदम सरळ.

६.२५. विहीर ७.५०.